दुसऱ्याच्या भजनात बसताना

गुडघ्यांनी दगा दिला त्याला आता पाच वर्षे झाली. पायी वारी सुटली. कीर्तनही त्याच सुमारास सोडले, कारण बसून कीर्तन करणे आमच्याकडे शोभत नाही आणि उभ्याने दोन तास निभत नाहीत. तरी आषाढीला पंढरपूर चुकवत नाही. मुलगा दशमीच्या आदल्या दिवशी गाडीने आणून सोडतो, आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की न्यायला येतो. मधल्या चार-पाच रात्री माझ्या.

यंदा त्या रात्रींचा मी वेगळा उपयोग केला. फेटा बांधला नाही, उपरणे घेतले नाही. साधी टोपी, सदरा, हातात काठी. मठातला हरिपाठ झाला, दोन घास खाल्ले की बाहेर पडायचे आणि जिथे भजन कानावर येईल तिथे कडेला जाऊन बसायचे. मी अमुक बुवा, असे सांगायचे नाही. चाळीस वर्षे मधोमध उभे राहून गायलेल्या माणसाला कडेवरून भजन कसे दिसते ते एकदा पाहावे, असे फार दिवस मनात होते. जे दिसले ते सगळेच गोड नाही. पण माउली, घरातली गोष्ट आहे, म्हणून घरातच सांगतो.

आषाढीत पंढरीला रात्री भजन नाही असा कोपरा शोधून सापडत नाही. पासष्ट एकरातल्या राहुट्या, प्रदक्षिणेच्या वाटेवरचे मठ, धर्मशाळांचे ओटे, चंद्रभागेचे वाळवंट, सगळीकडे टाळ. यातल्या नेमाच्या भजनाबद्दल मी बोलत नाही. नेमाचा क्रम ज्या त्या फडाचा ठरलेला असतो, अभंगामागून अभंग पिढ्यान्‌पिढ्या तसाच येतो. तिथे परक्याने मध्येच आपला अभंग लावणे म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात जाऊन देव इकडचे तिकडे करणे. मी बोलतो आहे ते नेम संपल्यानंतरच्या भजनाबद्दल. जेवणे झालेली असतात, वीणा कुणाच्या तरी गळ्यात असतेच, मृदंगाच्या धुम्याला ओली कणीक लावलेली असते, आणि ज्यांना झोप येत नाही ते बसतात. कुणी एक अभंग काढतो, दुसरा उचलतो. या भजनाला आमंत्रण नाही, पत्रिका नाही. ज्याला ऐकू आले तो आला.

आणि येणाऱ्याची सोय अभंगाच्या घडणीतच आहे. मोठ्या अभंगाच्या चरणात पहिले तीन तुकडे सहा-सहा अक्षरांचे, शेवटचा चार अक्षरांचा; यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी. हे मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितले असेल, छंदाची माहिती म्हणून. कडेला बसलो तेव्हा त्याचा उपयोग कळला. पाठ नसलेला अभंग कानावर पडतो. दुसरा तुकडा ऐकला की तिसरा कोणत्या उच्चारावर टेकणार हे मनाला आधीच कळते, म्हणजे पाठ नसलेला माणूससुद्धा निदान त्या शेवटच्या अक्षराला तोंड लावतो. मग येतो तो चार अक्षरांचा आखूड तुकडा. तिथे चाल टेकते, श्वासाला जागा मिळते, आणि त्या जागेतून नवा माणूस आत शिरतो. गाथ्यात दुसऱ्या कडव्यापाशी ‘ध्रु.’ अशी खूण असते. ते ध्रुपद दर कडव्यानंतर परत येते आणि प्रत्येक वेळी दोनदा-चारदा घोळवले जाते. तिसऱ्या खेपेलाही ज्याला ते उचलता येत नाही असा माणूस विरळा. आठ मात्रांचा भजनी ठेका तर पायांना आधीच ठाऊक असतो. अनोळखी माणसाला आत घ्यायला याहून सोयीची रचना मला माहीत नाही.

म्हणून मी कसोटी अगदी साधी ठेवली. कडेला बसलेल्या नवख्याचे ओठ किती वेळात हलू लागतात, एवढेच पाहायचे.

दशमीच्या रात्री पासष्ट एकरात गेलो. मोठा मांडव, दोन उंच स्पीकर, चार माईक, एक मुलगा मिक्सर घेऊन बसलेला. गाणारा पंचविशीतला. खोटे कशाला बोलू, गळा देवाने दिलेला आणि मेहनत त्याची स्वतःची. तान स्वच्छ, बारीक जागा बरोबर घेत होता, पेटीवालाही तयारीचा. पट्टी काळी पाच. मंडळी एका रांगेत, तोंडे बाहेर करून बसलेली. समोर सतरंज्या, सतरंज्यांवर दोनेकशे माणूस, त्यातल्या निम्म्यांनी मोबाईल वर धरलेले. अभंग रोजचा, लहान पोरालाही पाठ असेल असा. पण चाल अशी फिरत होती की ध्रुपद आले की ते वर जाई, तिथून तान, तिथून तिहाई, आणि खाली उतरताना वेगळ्याच वाटेने येई. शब्द सगळे पाठ असूनही अर्धा तास मला धरायला जागा मिळाली नाही. शेजारी एक शेतकरी बसला होता, स्वतःचा टाळ मांडीवर घेऊन. त्याने दोनदा टाळ उचलला आणि दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा उचललाच नाही. मोबाईल नव्हता त्याच्याकडे, म्हणून नुसता हात जोडून बसून राहिला.

नव्या चालींवर करवादणारे म्हातारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात मला मोजू नका. आमच्या तरुणपणी नाट्यगीतांच्या चालींवर अभंग म्हणणारे बुवा होते. तेव्हाचे म्हातारे त्यांना नावे ठेवीत, आणि त्यातली एखादी चाल आज पोरे ‘पारंपरिक’ म्हणून म्हणताना ऐकली की मला हसू येते. गायकीचेही वावडे नाही. कोकणात डबलबारी होते, दोन भजनी बुवा एकमेकांवर मात करतात, लोक ऐकायलाच जमतात. तिथे ते ठरलेले आहे, कुणाची फसवणूक नाही.

माझी तक्रार तोंडे कुणीकडे आहेत याबद्दल आहे. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन ओळी एकमेकांकडे तोंडे करून नाचतात, मध्ये विणेकरी आणि मृदंग. मुक्कामाला बसले की त्याच ओळींचे वर्तुळ होते. माईक आला की वर्तुळ एका बाजूने उघडते, त्याची रांग होते, आणि रांगेसमोर श्रोते आपोआप तयार होतात. कुणी हे ठरवून करत नाही. वायर जेवढी पोचते तेवढ्यात बसावे लागते, एवढेच. मोठ्या कीर्तनाला माईक हवाच, मी जन्मभर वापरला. पण पंधरा माणसांच्या भजनाला कशाला? तर शेजारच्या राहुटीत आहे म्हणून. आणि तिच्यात कशाला? तर हिच्यात आहे म्हणून. त्या रात्री दोन मांडवांच्या मधल्या वाटेने मी आलो तेव्हा एका कानात एक अभंग आणि दुसऱ्या कानात दुसरा, आणि दोन्ही मिळून एकही नाही.

एकादशीच्या रात्री एका जुन्या फडाच्या मठात शिरलो. माईक नाही. वर्तुळ आहे. चाल जुनी, लय संथ, मृदंगवाला ध्रुपदाला लग्गी लावून परत मूळ ठेक्यावर अलगद आणून सोडणारा. मनात म्हटले, घरी आलो. विण्याला नमस्कार करून शेवटी बसलो आणि ध्रुपद धरले. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या अभंगाला हळूच विचारले, “कुठल्या फडाचे?”

मी म्हटले, “असाच. वाटेने चाललो होतो.”

“मग ऐका, माउली.”

सौजन्याने म्हणाले हो, रागाने नाही. माझी चाल तिसऱ्या तुकड्यावर त्यांच्यापेक्षा किंचित वेगळी वळत होती, ती त्यांच्या कानाला टोचली. मी गप्प बसलो. ज्या गावात महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे, जिथले मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, त्या गावात आपण अजून ‘कुठले’ हे विचारूनच माणसाला म्हणू देतो, असे काहीसे मनात आले. पण रात्रभर झोप लागली नाही ती त्यामुळे नव्हे. अपमानामुळेही नव्हे. ते वाक्य माझे होते.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माउलींच्या सोहळ्याबरोबर नातेपुत्याचा मुक्काम. मी पस्तिशीतला, आळंदीला राहून शिकलेला, चार तालुक्यांत नाव झालेले. रात्री आमच्या तंबूत भजन चालू होते, बाहेर पाऊस भुरभुरत होता. कनात वर करून एक मनुष्य आत आला. अंगावर घोंगडी, वय माझ्याएवढेच, बोलण्यावरून वऱ्हाडाकडचा. विण्याला नमस्कार केला, शेवटी बसला. आमच्यातल्या एका पोराने त्याला टाळ दिला, तो त्याने कपाळाला लावला आणि म्हणू लागला. आवाज रुंद, शेतात हाक मारणाऱ्याचा असतो तसा मोकळा, आणि चाल आमच्याहून निराळी. दोन कडवी मी सोसली. मग हात वर करून भजन थांबवले आणि सगळ्यांदेखत म्हणालो, “माउली, हे आमच्याकडचं नाही. येत नसेल तर ऐकत बसा.”

“बरं, महाराज,” तो म्हणाला. टाळ खाली ठेवला. लगेच उठला नाही. भजनातून मध्येच उठू नये एवढी रीत त्याला होती. आणखी एक अभंग पुरा ऐकला, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि त्या पावसात बाहेर गेला.

आमचे विणेकरी वयाने साठीपलीकडचे होते. आम्ही त्यांना बाबाच म्हणत असू. रात्री काही बोलले नाहीत. सकाळी वाटेत चालता चालता मला विचारले, “बुवा, समाजआरतीला कुणाचे टाळ वाजत राहतात?”

हे सोहळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पालखी तळावर येते, चोपदार दंड वर करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, निवाडा करतात, आणि मग आरती होते. मी म्हटले, “ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे.”

“आन्‌ ज्याला दिंडीच नाही, त्यानं कुठं वाजवावं?”

एवढेच. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. मी मात्र त्या घोंगडीला वेळापूरपर्यंत, वाखरीच्या गर्दीत, पुढे पंढरीतही शोधत होतो. वारीत चुकलेला आपला माणूस सापडत नाही, तिथे आपण हाकलून दिलेला कसा सापडावा?

म्हणून मांडवातल्या त्या गुणी पोरावर टीका करताना लेखणी जरा दबून चालते. त्याने शेतकऱ्याचा टाळ खाली ठेवायला लावला, पण ते त्याच्या गावीही नसेल. मी वऱ्हाडकराचा टाळ डोळ्यांदेखत खाली ठेववला. त्याच्याकडे स्पीकर होता, माझ्याकडे चालीची शुद्धता होती.

चालीची शुद्धता हा काही खोटा मुद्दा नाही. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि तिथून बाहेर पडलेल्यांनी गावोगावी भजनाची घडी बसवली. खानदेशातला आणि साताऱ्याकडचा माणूस आज एका बैठकीत हरिपाठ म्हणू शकतो यात त्या घडीचा मोठा वाटा आहे. पण चाल जपली ती सगळ्यांना मिळून म्हणता यावे म्हणून. तिच्यावरून माणूस आपला की परका ओळखू लागलो की भजन बंद नाही पडत, आपल्यापुरते चालू राहते. सुरेल चालते. म्हणून तर कळत नाही.

आता येणाऱ्याबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर न्याय एकतर्फी होईल. शहरातली तरुण मंडळी हल्ली सुट्टी काढून आळंदी ते पुणे किंवा पुणे ते सासवड चालतात, मुक्कामाला भजनात बसतात. चांगले आहे. पण बसल्या बसल्या टाळ मागतात. टाळ हातात आला की तो वाजवावाच लागतो, आणि नवखा हात नेहमी घाई करतो. एकाने घाई केली की शेजारचा करतो, मृदंगवाला दोघांना आवरता आवरता स्वतः पळतो, आणि पाच मिनिटांत अभंगाचे शब्द चेंगरतात. मी तर सांगेन, पहिला अभंग नुसता ऐकावा. दुसऱ्याला हलक्या हाताने टाळी द्यावी. आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजाखाली ठेवावा. आपलाच आपल्याला ऐकू येऊ लागला की तो मोठा झाला असे समजावे. टाळ कुणीतरी आपण होऊन देतो, न मागता. विणेकऱ्याने मान हलवून “म्हणा” म्हटले तरच अभंग काढावा, आणि तोही सर्वांना येणारा. आडवाटेचा, कुणाला पाठ नसलेला अभंग काढून विद्वत्ता दाखवण्याची खोड कीर्तनकारांना फार. मलाही होती. कडव्यानंतर ध्रुपदाला मागून आवाज येत नाही, मृदंग एकटाच वाजतो, आणि आपण डोळे मिटून तल्लीन झाल्याचे सोंग करतो.

द्वादशीला पहाटे वाळवंटात गेलो. पारणे फेडून माणसे परतीला लागायची होती. मराठवाड्यातल्या दहा-बारा बायका स्नान करून गोल बसल्या होत्या. वीणा नाही, मृदंग नाही. एकीच्या हातात टाळ, बाकीच्यांच्या टाळ्या. गौळण चालली होती. एक ओळ टाकी, बाकीच्या उचलीत. चाल चार-पाच सुरांतली, पट्टी बोलण्याच्या आवाजाइतकीच. ओल्या लुगड्याने घाटाकडे निघालेली एक बाई थांबली, डोक्यावरची तुळस खाली ठेवून बसली, आणि दुसऱ्या ओळीला तिचे ओठ हलले. माझ्या कसोटीत यंदा याहून लवकर कुणी उतरले नाही. तिला कुणी गाव विचारले नाही. गौळण संपल्यावर विचारले, तेही चहा पुढे करताना.

बाईच्या गळ्यात वीणा द्यावी की नाही यावर मी शहाण्यासुरत्या माणसांना तास तास वाद घालताना ऐकले आहे; त्या वादात एकेकाळी मी नकाराच्या बाजूला होतो. त्या पहाटे मी संकोचाने दहा हात लांब बसलो होतो. माझ्याहून वयाने मोठी असलेली एक आजी तिथूनच ओरडली, “बाबा, लांब कामून बसलाव? म्हणा की!”

म्हटले. चार ओळी म्हटल्या.

त्रयोदशीला गर्दी पांगली होती. रात्री नदीकडे गेलो तर वाळूत कंदील ठेवून आठ-दहा जण बसलेले. विजापूरकडचे. आपसांत कानडी, अभंग मराठी. उच्चारात काही अक्षरे लांबायची ती आखडत होती आणि आखडायची ती लांबत होती, पण एकाचाही शब्द चुकत नव्हता. मी काठी टेकत आलो तसा त्यांच्यातला एक म्हातारा सरकला, बसायला पोते दिले, आणि पिशवीतून एक टाळाची जोडी काढून माझ्या हातात ठेवली. कोण, कुठला, काही नाही. दोन अभंग झाले. मग त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली.

माझा आवाज आता मला नेईल तिथे जात नाही. मी फार खालून सुरुवात केली, त्यांच्या पट्टीच्या कितीतरी खाली. सगळ्यांनी मुकाट्याने त्या पट्टीत ध्रुपद उचलले. मृदंगवाला तरणा पोरगा होता. त्याची शाई वरच्या सुरात लावलेली, माझ्या सुराला मुळीच जुळेना. हातोडी घेऊन तो ठोकाठोक करत बसला नाही. शाईवरचा हात हलका केला आणि सगळा ठेका धुम्यावर घेतला. तिसऱ्या तुकड्यावर माझी चाल त्यांच्यापेक्षा वेगळी वळली. मी घाबरलो, खरेच घाबरलो. दुसऱ्या खेपेला आठही जण तिथे माझ्याबरोबर वळले. पुढचा अभंग त्या म्हाताऱ्याने काढला, तेव्हा त्याच्या वळणावर मी वळलो. पहाटेपर्यंत असेच चालले.

उठताना उराउरी भेटलो, एकमेकांच्या पायांना हात लावले, आणि मी मठात परतलो. अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की त्याचा टाळ माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिला आहे. सकाळी गेलो तर वाळूत कंदिलाचा काळा ठसा तेवढा होता. नाव मी विचारले नव्हते, त्यानेही नाही. दरवर्षी कार्तिकीला ते येतात, एवढे बोलण्यात निघाले होते. मुलाला सांगून ठेवले आहे, यंदा कार्तिकीलाही गाडी काढावी लागेल. टाळ घासूनपुसून ठेवला आहे. दोरी झिजली होती, ती नवी ओवली.